ओळंबाबाई आणि सरळ लावलेली कार्डं

माझ्या थोरल्या जाऊला उत्खननावर सगळे ओळंबाबाई म्हणतात. ओळंबा म्हणजे गवंडी दोरीला टांगून भिंत सरळ आहे की नाही ते बघतात ना, तो लोखंडी गोळा. तोंडावर मात्र असं म्हणायची कुणाची टाप नाही. मीसुद्धा तोंडावर 'ताई, अहो ताई' करते आणि पाठ वळली की 'ती'. जावाजावांचं असंच असतं, त्यात कुणी वाईट वाटून घेऊ नये.

नाव शोभतं मात्र. मी दोरीवर कपडे वाळत घातले की ही मागून येऊन चादरीची टोकं जुळवणार. मी भाजी चिरली की ताटात डोकावून म्हणणार, "हे तुकडे काय वेगवेगळ्या घरचे आहेत का गं?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. एकदा मी रागारागानं सगळी गवार पट्टी लावून चिरली आणि तिच्यापुढे आपटली. तर म्हणते कशी, "आता कसं!" चेष्टा कळली नाही असं नाही. कळून सवरून ती खूश झाली होती.

लग्नाआधी तिनं बांधकामाचे नकाशे काढायचं शिक्षण घेतलं होतं. मग एका कंत्राटदाराच्या कचेरीत बसून लोकांचे जिने आणि संडास काढत होती. तिथे एक दिवस आमचे सर आले. सर म्हणजे उत्खननाचे प्रमुख, उंच, वाकलेले, कानामागे कायम पेन्सिल. त्यांनी तिचे कागद चाळले आणि विचारलं, "बाई, पडलेली घरं काढाल का? उभी सगळेच काढतात." ती एका हंगामापुरती म्हणून गेली आणि तिथलीच झाली. पुढे मी लग्न होऊन घरात आले, तर मलाही ओढून नेलं. खापरं धुवायच्या शेडमध्ये बसवलं. अजून तिथेच आहे. खापरं धुवायची, चादरीवर वाळवायची, काठ वेगळे, बुडं वेगळी, नक्षीची वेगळी लावायची. हात सतत ओले, पण जीभ मोकळी. मला मानवलं.

तिचं काम काय, ते नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. जुनं गाव मातीखाली गाडलेलं असतं. आम्ही चर खणतो, सर 'खड्डा' म्हटलं की चिडतात, म्हणून चर. थरामागून थर काढत खाली जायचं. पण वरचा थर काढला की तो गेला. परत लावता येत नाही. म्हणून प्रत्येक दगड, प्रत्येक चूल, प्रत्येक भिंतीचा तुकडा जसा सापडला तसा, मापात, कागदावर उतरवायचा. दोऱ्यांची चौकट बांधायची, टेप लावायची, ओळंबा सोडायचा आणि ग्राफच्या कागदावर रेघ ओढायची. तो कागद म्हणजेच उरलेलं गाव. रेघ चुकली तर गाव चुकलं. आणि तिची रेघ कधी चुकली नाही. सर पाहुण्यांना चर दाखवायच्या आधी तिचे नकाशे दाखवायचे.

मग तिचा उजवा हात थरथरायला लागला.

मला आधी घरात कळलं. बशीत चहा सांडायला लागला. सुईत दोरा ओवायला ती मला बोलवायला लागली, आणि ही बाई मरेल पण सुई माझ्याकडे देणार नाही! दवाखान्यात मीच बरोबर गेले. डॉक्टर म्हणाले, औषधानं आटोक्यात राहील, जाणार नाही. रस्त्यात तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "उत्खननावर एक अक्षर बोलायचं नाही." मी मिठाची गुळणी धरली. माझ्यासारखीनं गुळणी धरणं म्हणजे काय ते मला ओळखणाऱ्यांना विचारा.

तो सगळा हंगाम तिनं मनगट फळीवर दाबून धरून रेघा काढल्या. काढायची, खोडायची, परत काढायची. दुपारी सगळे जेवायला गेले की ही चरातच. मला वाटायचं, जाऊन तो हात हातात घ्यावा. पण घेतला असता तर तिनं झटकलाच असता. काम गेलं तर ही घरी बसणार, आणि घरी बसलेली ओळंबाबाई मला डोळ्यांसमोर आणवत नव्हती. तिचा जीव त्या मातीत होता हो.

पुढच्या हंगामाला मुख्य कचेरीतून खोकी आली. एका खोक्यात टॅब, एकात लॅपटॉप, एकात कॅमेरा आणि त्याची लांब काठी, एकात तीन पायांवर उभं राहणारं मोजणीचं यंत्र. बरोबर शिकवायला एक पोरगेलासा यंत्रवाला. आता कागद नको म्हणे. चरात ठिकठिकाणी काळ्या-पांढऱ्या चौकोनांची कार्डं ठेवायची. यंत्रानं प्रत्येक कार्डाची जागा मोजायची. मग काठीवर कॅमेरा लावून वरून फोटोच फोटो काढायचे, प्रत्येकात मागच्याचा भाग पुन्हा येईल असे. लॅपटॉप ते सगळे शिवतो आणि अख्खा चर पडद्यावर उभा करतो. कार्डांच्या जागांवरून त्याला माप कळतं. हवा तसा फिरवा, वरून बघा, आत वाका.

सर्वांनी ओळंबाबाईकडे बघितलं. आता ही फणकारणार! मीच आधी फणकारले, "कसलं काय! उद्या खापरंसुद्धा यंत्र धुईल." सरांनी नाक मुरडलं. आमच्या मुकादमानं तर टॅबकडे न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं पाहिलं.

आणि ती? ती गेली, टॅबला हात लावला आणि यंत्रवाल्याला विचारलं, "रेघ कशी ओढायची?"

"ओढायची नाही मावशी. दगडाच्या कोपऱ्यांवर नुसतं टेकवायचं. रेघ तो जोडतो. बोट चुकलं तर मोठं करून परत टेकवायचं."

"आणि कॅमेऱ्याचं बटण?"

"टॅबवरूनच दाबायचं. काठी नुसती टेकवून उभी करायची."

तिचा चेहरा मी पाहिला. बाई गं, लग्नातसुद्धा इतकी खुलली नसेल! मला एकटीलाच कळलं की काय झालंय. ह्या यंत्रांना रेघ ओढायला स्थिर हातच लागत नव्हता, लागत होती नजर आणि अक्कल, आणि ती तिच्याकडे पोत्यानं होती.

यंत्रवाला जाईपर्यंत तिनं त्याला भंडावून सोडलं. चहा प्यायला उसंत दिली नाही बिचाऱ्याला. तो गेल्यावर घरी जेवणाचं ताट बाजूला सारून लॅपटॉप उघडून बसायची. भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, मला म्हणाले, "अगं, हिनं माझ्याशी शेवटचं बोलणं कधी केलं, आठवतंय का तुला?"

सर मात्र मानेनात. त्यांचं म्हणणं, हात रेघ ओढतो तेव्हा डोळा खरं बघतो, बटण दाबणारा काही बघत नाही. शेवटी त्यांनीच परीक्षा ठरवली. त्या हंगामात आम्हाला कुंभाराची भट्टी सापडली होती. अख्खी! भिंत गोल, तोंड शाबूत, आतली राख तशीच. हंगाम संपत आला होता आणि संपला की चर मातीनं बुजवतात, नाहीतर पावसानं नि गुरांनी वाट लागते. सर म्हणाले, "ही भट्टी मी पेन्सिलीनं काढतो. तुम्ही तुमच्या यंत्रानं काढा. एकावर एक ठेवू. भिंतीवर भिंत बसली तर पुढच्या वर्षीपासून सगळे चर तुमच्या पद्धतीनं. नाही बसली तर खोकी परत, आणि तुम्ही आपल्या कागदावर."

आपल्या कागदावर! मी खापरांची पाटी हातात घेऊन उभी होते, ती पडायचीच राहिली. कागद म्हणजे हात, आणि हात म्हणजे घरी. सरांना काय कल्पना! ती म्हणाली, "चालेल सर," आणि हात पदराखाली घेतला.

तिनं सकाळी कार्डं ठेवली, एकेक मोजली, उगवतीकडची अर्धी भट्टी फोटोत घेतली. मग चहाची सुट्टी झाली. सुट्टीनंतर मावळतीकडचा अर्धा भाग. इतकं नीट काम की मी शेडमधून बघतच राहिले. लॅपटॉपनं सगळं शिवलं. सरांचा नकाशा काचेसारख्या कागदावर होता, तो तिच्या छापील नकाशावर ठेवला.

भिंत बसेना. एका बाजूला रेघेवर रेघ आणि दुसऱ्या बाजूला वीतभर फरक. भट्टी पिळल्यासारखी झाली होती.

सर उपहासानं बोलणारे नाहीत. हळूच म्हणाले, "यंत्र हुशार आहे हो बाई, पण भट्टी एकच आहे." आणि मुकादमाला सांगितलं, उद्या चर बुजवायला घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात टॅब घेऊन बसली होती. मी चहा ठेवला, तो निवला. रडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती फोटो पुढे सरकवत होती आणि मागे आणत होती. एकदम म्हणाली, "अगं, ही कार्डं बघ."

मी बघितली. एका रांगेत, काठाला काठ जुळवून, दोरीवर वाळत घातलेल्या रुमालांसारखी. म्हटलं, "छान आहेत की. तुमच्यासारखीच."

"तेच ना! मी अशी ठेवली नव्हती. दगडाच्या मध्ये जागा मिळेल तिथे, वाकडीतिकडी ठेवली होती. हा बघ सुट्टीआधीचा फोटो. आणि हा नंतरचा."

मला लख्ख कळलं. सगळ्या कार्डांना कुणीतरी शिस्त लावली होती. मोजलेल्या जागा एक आणि नंतरच्या फोटोतल्या जागा भलत्याच. आणि गंमत बघा, वाकडी केली असती तर हिला लांबून दिसलं असतं. सरळ केली, म्हणून हिच्या नजरेला टोचलंच नाही! हे आमच्याच उत्खननावर होऊ शकतं, दुसरीकडे कुठे नाही.

चप्पल पायात घालायचीही तिला शुद्ध नव्हती. आम्ही पोचलो तर मुकादम चराच्या काठावर उभा, माणसं घमेली भरून रांगेत, कोपऱ्यात माती पडायला सुरुवात झालेली.

"मुकादम! कार्डांना हात कुणी लावला?"

मुकादमाची छाती फुगली. "मीच की. फोटोचा चर म्हणजे आरसा पाहिजे, हे सरांनीच शिकवलंय मला. चहाच्या वेळी बघतो तर धूळ बसलेली, कार्डं कशीही पडलेली. उचलली, पुसली, सरळ लावली. कुणी सांगितलंही नव्हतं बघा."

ओळंबाबाईनं डोक्याला हात लावला आणि पुढच्या क्षणी चरात उतरली. पडणाऱ्या मातीखाली जाऊन उभी राहिली. "थांबवा! एक घमेलं टाकायचं नाही!"

सर तंबूतून आले. तिनं सांगितलं काय झालं ते. अर्धे फोटो बरोबर आहेत, अर्ध्या भागातली कार्डं परत ठेवून, मोजून फोटो परत घेते, मग बघा. सर घड्याळाकडे बघत म्हणाले, "बाई, कशाला जीव काढता? माणसं दुपारी दुसऱ्या कामावर जायची आहेत. भट्टीचा नकाशा माझा झालाय. यंत्र नाही तर नाही. पुढच्या वर्षी पेन्सिल घ्या. तुमच्यासारखा हात आहे कुणाचा?"

ती चराच्या पायऱ्या चढून वर आली. सरांच्या समोर उभी राहिली आणि उजवा हात पुढे केला. उघडा, सगळ्यांसमोर. तो थरथरत होता, आणि तिनं तो थरथरू दिला.

"हा हात, सर? बघा. गेल्या हंगामापासून असाच आहे. औषध चालू आहे, बरा होणार नाही. गेल्या वर्षीची प्रत्येक रेघ मी खोडून खोडून काढली. आता तेही जमत नाही. यंत्र परत पाठवायचं तर मलाही त्याच खोक्यात घालून पाठवा. पण माझे डोळे शाबूत आहेत, डोकं शाबूत आहे आणि भट्टी अजून उघडी आहे. मला हे काम करायचंय."

घमेलं डोक्यावर घेतलेला माणूस तसाच उभा. मी तर रडायला लागले होते, लपवत नाही. सरांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाशी असं केलेलं मी पाहिलं नव्हतं. मग मागे न वळता ओरडले, "घमेली खाली! ती टाकलेली माती उपसा आधी!"

पण ऊन चढलं होतं. फोटोत सावल्या आल्या की लॅपटॉप गोंधळतो, भिंत कुठली नि सावली कुठली त्याला कळत नाही. ती आकाशाकडे बघून ओठ चावायला लागली. ते मला बघवेना. मी शेडकडे धावले आणि आमच्या बायकांना सांगितलं, खापरं पाट्यांमध्ये भरा, थरांच्या चिठ्ठ्यांची सरमिसळ करू नका, चादरी सोडा! खापरं वाळवायच्या सगळ्या चादरी आणल्या. तंबूची ताडपत्री सुटली. आम्ही चराभोवती उभे राहून सगळं डोक्यावर ताणून धरलं. धुणाऱ्या बायका, खणणारे, पाणी भरणारा, आणि एका कोपऱ्याला चक्क सर, टाचा उंच करून. चरावर एकसारखी मऊ सावली पडली.

मुकादमाची तर तारांबळ. तो चादरीचा एक कोपरा धरून सारखा ओरडत होता, "कार्डाला कुणी शिवाल तर याद राखा! वाकडं आहे ते वाकडंच राहू द्या!" ओळंबाबाई खाली उभी राहून म्हणाली, "मुकादम, जरा हळू. कार्डं घाबरतील." आणि सगळा काठ हसला. हात भरून आले होते, चादरी हलत होत्या, तरी हसला.

तिनं एकेक कार्ड मोजलं. काठी टेकवली, बोट टॅबवर टेकलं, काठी पुढे, बोट पुन्हा. हात थरथरत होता आणि फोटो दगडासारखे स्थिर येत होते. शेवटचा फोटो झाल्यावर ती म्हणाली, "झालं," आणि आम्ही सगळे चादरीसकट खाली बसलो.

लॅपटॉपला वेळ लागतो. कामाची माणसं जायची होती, पण एकही गेला नाही. माझ्या शेडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पडद्यावरची पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. मी तिच्यामागे उभी राहून मनात कुणाकुणाला विनवत होते ते विचारू नका. मग भट्टी वर आली. मातीच्या रंगाची, गोल, तोंडाशी काळी, हात घालावा इतकी खरी. तिनं बोटानं ती फिरवली आणि आम्ही आत वाकून बघितलं. खणणारा एकजण पुटपुटला, "मी झाडलेली राख दिसतेय की हो!"

नकाशा छापला. सरांनी आपला कागद स्वतःच्या हातानं त्यावर ठेवला, कोपरे जुळवले, चष्मा कपाळावर चढवून नाक टेकेल इतके वाकले. बराच वेळ वाकलेलेच.

"पेन्सिलीच्या टोकाइतका फरक आहे," ते म्हणाले. "तो माझा असेल, नाहीतर यंत्राचा. त्यावर भांडायला कुणाला वेळ आहे? भिंतीवर भिंत बसली, बाई!"

जो काही आरडाओरडा झाला! मुकादमानं टोपी उडवली ती वाळवणाच्या पाटीत पडली. मी जाऊला मिठी मारली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तिनं झटकली नाही. सर वाट बघत उभे होते. शांत झाल्यावर म्हणाले, "पुढच्या हंगामापासून सगळ्या चरांची नोंद तुमच्याकडे. माणसं तुम्ही निवडा. आणि एक मला शिकवा. यंत्र उघडतं कुठून, तेसुद्धा मला माहीत नाही." तिला बोलता येईना. ओळंबाबाईला बोलता येईना! हे मी घरी जाऊन भाऊजींना सांगितलं तर त्यांनी विश्वास ठेवला नाही.

यंदा दुसऱ्या उत्खननांवरून माणसं शिकायला आली आहेत, तिच्याकडे. ती चरात उतरते, कार्डं कुठे ठेवायची ते सांगते, पहिला धडा म्हणजे वाकडी कार्डं कुणी सरळ करायची नाहीत. मुकादम पहारेकऱ्यासारखा शेजारी उभा असतो. औषध घेऊनही हात थरथरतोच. आता ती तो पदराखाली घेत नाही. काल शिकायला आलेली एक मुलगी माझ्याजवळ सरकून कुजबुजली, "मावशी, यांचा हात किती थरथरतोय हो..."

मी म्हटलं, "हाताकडे काय बघतेस? बोट कुठे दाखवतंय तिकडे बघ. ती माझी जाऊ आहे!"